दिव्यांच्या अवसेला दिवे मालवूया

यंदा आषाढ अमावास्या १२ ऑगस्टला आहे. दिव्यांची अवस. त्याच रात्री ययाती तारकासमूहातला उल्कावर्षावही भरात येतो आहे. दर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तो येतोच, पण चंद्राशी त्याचं जमतंच असं नाही. गेल्या वर्षी पौर्णिमा होऊन जेमतेम तीन-चार दिवस झाले होते आणि फिकट उल्का चांदण्यात बुडून गेल्या. यंदा, २०२६ साली, रात्रभर चंद्रच नाही. बुधवारची मध्यरात्र उलटल्यापासून गुरुवारी फटफटेपर्यंत कॅनडाच्या आकाशात तारे तुटत राहतील. याहून चांगली वेळ मागूनही मिळायची नाही.

प्रश्न एवढाच आहे, की ते बघायला आपल्या डोक्यावर आकाश उरलंय का?

आपण म्हणजे ब्रॅम्प्टन, मिसिसागा, मिल्टन, मार्कममधली मराठी घरं. कॅल्गरी, एडमंटन, सरे, ऑटवामधलीही. क्षेत्रफळात जगात दुसऱ्या नंबरच्या देशात आपण राहतो आणि त्यातला फार मोठा भाग रात्री अगदी गडद काळोखात असतो. पण लोकवस्ती एकवटली आहे ती दक्षिण सीमेलगतच्या चिंचोळ्या पट्ट्यात, आणि आपण नेमके त्या पट्ट्यातल्या सगळ्यात झगझगीत जागी येऊन वसलो. उत्तर अमेरिकेतल्या सुमारे ८० टक्के लोकांना घरून आकाशगंगा दिसत नाही, असं २०१६च्या जागतिक नकाशाने दाखवलं. २०२३ साली त्याहून काळजीची गोष्ट पुढे आली. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात केलेल्या नोंदी तपासल्यावर आढळलं, की रात्रीचं आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत चाललंय. त्याच अभ्यासातला हिशेब असा: जिथे आज २५० तारे दिसतात तिथे जन्मलेल्या मुलाला अठराव्या वर्षी जेमतेम १०० दिसतील.

अठरा वर्षं. आपल्यापैकी कित्येकांना इथे येऊन तेवढी झालीसुद्धा.

एके काळी टोरांटोतल्या माणसाला उल्का बघायला गाडी काढून कुठे जावं लागत नव्हतं. ९ फेब्रुवारी १९१३च्या रात्री कॅनडाभर लोकांनी एक नवल पाहिलं. पेटत्या उल्कांची मिरवणूकच्या मिरवणूक, सावकाश, जवळजवळ आडवी, सस्कॅचवानपासून पूर्वेकडे आकाश ओलांडत गेली. पुढे ती बर्म्युडापर्यंत दिसली. टोरांटो विद्यापीठातले प्राध्यापक क्लॅरेन्स चँट यांनी लोकांकडून पत्रं मागवली आणि साध्यासुध्या माणसांनी जे पाहिलं ते लिहून कळवलं. त्या पत्रांतून चँट यांनी उल्कांचा मार्ग ठरवला. गुस्ताव हान नावाच्या चित्रकाराने टोरांटोतून ते दृश्य पाहिलं आणि रंगवून ठेवलं. आज तीच मिरवणूक आपल्या डोक्यावरून गेली, तर आपल्यापैकी किती जण वर बघत असतील? डॅशकॅममध्ये सापडेल, दुसऱ्या दिवशी फोनवर बघू.

याच चँट यांच्या खटपटीतून १९३५ साली रिचमंड हिलला डेव्हिड डनलॅप वेधशाळा उभी राहिली. १.८८ मीटर व्यासाची तिची दुर्बीण तेव्हा जगातली दुसऱ्या क्रमांकाची होती. हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याच्या अदृश्य सोबत्याचा माग काढून, तो कृष्णविवरच असला पाहिजे असं टॉम बोल्टन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इथूनच दाखवलं. भोवती शेतं होती. मग घरं आली, मॉल आले, गाड्यांच्या शोरूम आल्या. बोल्टन गप्प बसले नाहीत. त्यांच्यासारख्यांच्या पाठपुराव्यामुळे रिचमंड हिलने १९९५ साली दिव्यांसाठी नियम केला. कॅनडातल्या अशा अगदी पहिल्या नियमांपैकी हा एक. तरी शहर वाढतच गेलं आणि २००८ साली विद्यापीठाने वेधशाळा विकली. नागरिक तिच्यासाठी भांडले. आज घुमट आणि दुर्बीण शहराच्या मालकीची आहे, २०१९ साली वेधशाळा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळही झाली. म्हणजे इमारत वाचली. आकाश नाही वाचलं. रिचमंड हिल-मार्कममधली आपली किती घरं त्या घुमटापासून दहा-पंधरा मिनिटांवर आहेत, विचार करा.

उल्कांनी मात्र काहीच हात आखडता घेतलेला नाही. या वर्षावाचं मूळ आहे स्विफ्ट-टटल नावाचा धूमकेतू. १८६२ साली तो सापडला. सूर्याभोवतीची फेरी त्याला सुमारे १३३ वर्षांची पडते. १९९२च्या डिसेंबरात तो सूर्याजवळून गेला, आता येईल २१२६ साली. त्याची भेट आपल्या नशिबात नाही. पण वाटेवर त्याने सांडलेली धूळ दर ऑगस्टला पृथ्वीच्या रस्त्यात आडवी येते. वाळूच्या कणाएवढे, फार तर वाटाण्याएवढे खडे सेकंदाला ५९ किलोमीटर वेगाने वातावरणात घुसतात आणि शंभरेक किलोमीटर उंचीवर जळून जातात. तेवढीशी ती रेघ.

ती पहाटेच का बघायची? पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने धावते आहे. संध्याकाळी आपण तिच्या मागच्या बाजूला असतो, मध्यरात्रीनंतर पुढच्या. पावसात गाडी हाकताना पुढची काच जास्त भिजते, तसंच हे. शिवाय तोवर ययाती ईशान्येकडून चांगला वर चढलेला असतो. टोरांटोच्या आसपास साडेचारच्या सुमारास पूर्व उजळायला लागते. म्हणजे दोन ते साडेचार हा खरा मोका. काळोख्या माळावर या वेळात तासाला पन्नास-साठ उल्का दिसू शकतात. शहरातल्या ड्राइव्हवेवरून मोजक्याच, त्याही अगदी ठळक.

हा फरक केला कुणी? आपणच केला, आणि तोही वाईट हेतूने नाही.

नवीन वसाहतीत घर घेतलं की छताच्या कडेखाली, सॉफिटमध्ये, ओळीने पॉट लाइट लावून घ्यायची पद्धतच पडली आहे. घर फोटोत छान दिसतं. ते दिवे संध्याकाळी लागतात आणि सकाळपर्यंत जळत राहतात. दिवाळीच्या माळा नाताळपर्यंत, नाताळच्या मार्चपर्यंत. एलईडी आल्यापासून बिलाचा चिमटा बसत नाही, म्हणून बंद करायची आठवणही होत नाही. त्यात पांढऱ्याशुभ्र एलईडीत निळा प्रकाश जास्त, आणि निळा प्रकाशच हवेत जास्त विखुरतो. घरामागे गोदामांची रांग असेल तर तिथले भिंतीवरचे दिवे थेट आडवे डोळ्यांत. ऑन्टारिओच्या दक्षिण टोकाला लेमिंग्टनजवळ हरितगृहांचा मोठा पट्टा आहे. तिथल्या टोमॅटो-काकडीवरच्या दिव्यांनी ढग गुलाबी-पिवळे होतात. गंमत म्हणजे तिथून हाकेच्या अंतरावरचं पॉइंट पीली राष्ट्रीय उद्यान २००६पासून काळोखासाठी राखीव आहे! लोकांनी तक्रारी केल्यावर तिथल्या नगरपालिकांनी रात्री पडदे ओढण्याचे नियम केले. म्हणजे बोललं तर होतं.

कुणी म्हणेल, दिवे सुरक्षेसाठी आहेत. बरोबर आहे. आपल्या भागात ड्राइव्हवेमधून गाड्या चोरीला जातात, ही भीती काल्पनिक नाही. पण रात्रभर तेवणाऱ्या दिव्याकडे शेजारीही बघत नाहीत. एकदम लागलेल्या दिव्याकडे मान वळते. हालचाल टिपून लागणारा दिवा दहा-वीस डॉलरपासून मिळतो आणि तो आपलं काम झालं की गप्प बसतो. डोळ्यांवर चमकणाऱ्या उघड्या दिव्यामागच्या अंधारात माणूस उभा असेल तर तो दिसतही नाही. खाली तोंड असलेल्या दिव्याखाली दिसतो. सुरक्षा आणि काळोख यांचं वैर आहे, हे मला तरी पटत नाही.

एक धोका मात्र स्विचपलीकडचा आहे. २०१९पासून हजारो संपर्क-उपग्रह वर सोडले जात आहेत. रेजायना विद्यापीठातल्या समांथा लॉलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडून दाखवलं, की त्याचा सगळ्यात जास्त फटका पन्नास अंश अक्षांशाच्या आसपासच्या आकाशाला बसतो, आणि तोही उन्हाळ्यात, कारण तेव्हा हे उपग्रह रात्रभर उन्हात राहतात. पन्नास अंश म्हणजे रेजायना, विनिपेग, व्हँकुव्हर, कॅल्गरी. याबद्दल आपल्या खासदाराला पत्र लिहिणं एवढंच आपल्या हातात आहे. लिहूया.

पण एवढं सगळं कशासाठी? मुलांना यूट्यूबवर याहून सुंदर दिसतं की!

दिसतं. ऑन्टारिओत सहावीला अंतराळ हा धडा आहे, मुलं थर्मोकोलची सूर्यमाला करतात, मार्क मिळवतात. त्यातल्या कितींनी आकाशगंगा डोळ्यांनी पाहिली असेल? आपल्या मराठी शाळांतून आपण त्यांना श्लोक शिकवतो, गणपतीत लेझीम बसवतो. मग मृग, रोहिणी, कृत्तिका ही नावंसुद्धा आपलीच नाहीत का? आजोबांचा पाऊस मृगावर यायचा. शर्मिष्ठा, देवयानी आणि ययाती ही महाभारतातली तिघं अजूनही आकाशात शेजारी-शेजारी आहेत, आणि ती कुठे आहेत हे पोराला दाखवायचं तर आधी ती दिसायला हवीत. या भूमीवर आपल्या आधी हजारो वर्षं नांदणाऱ्या लोकांच्याही याच ताऱ्यांच्या गोष्टी आहेत. विल्फ्रेड बक यांच्यासारखे क्री अभ्यासक त्या पुन्हा सांगत आहेत. आकाश पुसलं गेलं तर त्यांचंही पुसलं जातं.

आणि पक्षी. रात्री स्थलांतर करणारे पक्षी शहरी दिव्यांनी भांबावून काचेच्या इमारतींवर आदळतात. त्यांना वाचवायला टोरांटोत १९९३पासून ‘फ्लॅप कॅनडा’चे स्वयंसेवक पहाटे रस्त्यावर उतरत आले आहेत. दक्षिणेकडचा त्यांचा प्रवास ऑगस्टातच सुरू होतो. आपण उल्कांसाठी दिवा मालवला, तर चार पाखरंही वाचतील.

शास्त्रालाही आपल्या डोळ्यांची गरज असते. ऑटवाजवळच्या स्प्रिंगहिल उल्का वेधशाळेतून १९५७पासून पीटर मिलमन यांनी जे काम उभं केलं, त्यात रडार आणि कॅमेऱ्यांइतकाच मान रात्रभर उल्का मोजणाऱ्या हौशी माणसांना होता. आजही आंतरराष्ट्रीय उल्का संघटना अशा नोंदी मागते. वेळ, ठिकाण, आकाश किती काळोखं होतं आणि किती उल्का दिसल्या, एवढं व्यवस्थित लिहिलं की झालं.

आता चांगली बातमी. प्लास्टिक समुद्रातून काढायला पिढ्या जातील. प्रकाशाचं प्रदूषण बटण दाबलं की त्याच क्षणी जातं.

क्युबेकमधल्या माँ-मेगांतिकचं उदाहरण बघा. तिथे १९७८पासून वेधशाळा आहे आणि शेरब्रूकसारख्या मोठ्या शहराचा उजेड तिच्या मुळावर येत होता. वेधशाळेतली माणसं गावोगाव गेली. नगरपालिकांना भेटली, दुकानदारांना भेटली, वीजकंपनीला बरोबर घेतलं. हजारो दिवे बदलले, नियम झाले, आणि २००७ साली तो परिसर जगातला पहिला आंतरराष्ट्रीय काळोखी-आकाश राखीव प्रदेश ठरला. शेरब्रूकचे रस्ते काही अंधारात गेले नाहीत. दिवे आहेत, त्यांचं तोंड तेवढं खाली आहे. कॅल्गरीने २००० नंतरच्या काही वर्षांत हजारो पथदिवे सपाट काचेचे आणि कमी वॅटचे केले, ते तर चक्क वीजबिलासाठी. टोरांटोहून दोन-अडीच तासांवर, ग्रेव्हनहर्स्टजवळचा टॉरन्स बॅरन्सचा खडकाळ माळ १९९९ साली कॅनडातलं पहिलं काळोख-राखीव क्षेत्र झाला. १८६८ साली स्थापन झालेली रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ कॅनडा अशा जागांना मान्यता देते. जॅस्पर, केजिमकुजिक, ग्रासलँड्स अशी ती यादी आता देशभर पसरली आहे. आणि आपल्या गावाकडे? महाराष्ट्रातला पेंच व्याघ्रप्रकल्प २०२४ साली भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ झाला. विदर्भातल्या खेड्यांना जमलं, ते आपल्याला जमणार नाही?

तेव्हा १२ ऑगस्टचा बेत असा करूया.

संध्याकाळी दिव्यांची पूजा नेहमीसारखीच. समया, निरांजनं, लामणदिवे चिंचेने घासून पाटावर मांडायचे, भोवती रांगोळी, कणकेचे गोड दिवे उकडायचे. दिव्यांच्या दिवशी दिवे मालवायचे म्हणजे काय, असं आजी विचारेल. तिला सांगूया, देवापुढची समई तेवतच राहील. मालवायचे आहेत ते सॉफिटमधले, गॅरेजवरचे, बॅकयार्डातले, ज्यांच्याखाली रात्री दोनला कुणीही बसलेलं नसतं. नाहीतरी हा सण दिवे घासूनपुसून नीट करायचा आहे. मग बाहेरच्या दिव्यांकडेही एकदा बघून घेऊ. उघडा दिवा असेल तर त्याला टोपी बसवू. पांढरा दिवा गेला की २७०० केल्विनचा किंवा त्याहून पिवळट आणू, आकडा डब्यावर छापलेला असतो. टायमर मध्यरात्रीचा लावू. एका शनिवारच्या दुपारचं काम आहे हे.

कॉन्डोत राहणाऱ्यांनी बोर्डाच्या सभेत पार्किंगच्या दिव्यांचा विषय काढावा, वीजबिलापासून सुरुवात केली तर लोक ऐकतात. रस्त्यावरचा दिवा बेडरूममध्ये घुसत असेल तर ३११ला फोन करून आडोसा मिळेल का, हे विचारावं. ऑक्टोबरात ऑन्टारिओत नगरपालिकांच्या निवडणुका आहेत. उमेदवार दारात येतील, बागेबद्दल आणि बसबद्दल विचारतो तसं दिव्यांबद्दलही विचारूया. आपल्या मतांची त्यांना गरज असते आणि आपल्या वस्त्यांमध्ये ती थोडीथोडकी नाहीत.

मराठी मंडळांना एक खास विनंती. गणेशोत्सव यंदा १४ सप्टेंबरला सुरू होतो, तयारीच्या बैठका आधीच सुरू असतील. त्यातली दहा मिनिटं या रात्रीला द्या. जवळच्या खगोल मंडळींना बोलवा, ती माणसं हौसेने येतात, दुर्बीण घेऊन येतात, पैसे मागत नाहीत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून हेच करत आली आहे. आपल्यातही कुणीतरी मुंबई-पुण्यात असताना अशा आकाशदर्शनाला गेलेलं असणार. त्यांना पुढे करा.

उन्हाळ्यात सुपर व्हिसावर आलेले आई-बाबा तर या बेतातले खरे पुढारी. ते तसेही पहाटे चारला उठून बसलेले असतात आणि सगळे झोपलेत म्हणून आवाज न करता चहा करतात. गच्चीवर, अंगणात झोपून त्यांनी जेवढं आकाश पाहिलंय तेवढं आपण पाहिलेलं नाही. सप्तर्षीपासून ध्रुव कसा काढायचा हे नातवाला तेच सांगतील.

शक्य असेल त्यांनी शहराबाहेर जावं. टॉरन्स बॅरन्सला गर्दी होईल, आणि गर्दीतलं कुणीतरी हेडलाइट लावून ठेवतं तेव्हा सगळ्यांचेच डोळे दिपतात. ते कुणीतरी आपण नसावं. तेवढ्या लांब जायलाच हवं असंही नाही. गावाबाहेरचं मित्राचं फार्म, कॉटेजचा धक्का, कन्झर्वेशन एरियाची परवानगी असलेली जागा, कुठूनही शहरापेक्षा बरंच दिसेल. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि फोन एकदा उघडला की ती पुन्हा पहिल्यापासून. टॉर्चवर लाल कागद लावा. दुर्बिणीची गरज नाही, उताणं पडायचं आणि जितकं आकाश डोळ्यांत मावेल तितकं बघत राहायचं. स्वेटर, चटई, डासांचं मलम, थर्मासभर चहा. तेरा तारखेला ऑफिस आहे, हे खरं. पहिली मीटिंग अकराला ढकला.

आणि ढगांनी दगा दिलाच, तर १३ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला वर्षाव आहे. चंद्र तेव्हाही लवकर मावळतो, आणि मिथुन रात्री दहालाच वर आलेली असते, त्यामुळे मुलांची झोपही फारशी मोडत नाही. फक्त मोजे दोन जोडी घाला.